लग्नाचे शूटिंग आणि एचडीचा हिशेब

महाराष्ट्रातील तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांत लग्नाचे व्हिडिओ चित्रीकरण करणाऱ्या छोट्या स्टुडिओंपुढे साधारणपणे २००५ ते २०१३ या काळात लग्नसराई संपली की एकच प्रश्न उभा राहत असे, तो म्हणजे हप्ते फिटलेला आणि अजून विनातक्रार चालणारा कॅमेरा बाजूला ठेवून हाय डेफिनिशन, म्हणजे धंद्याच्या बोलीतील ‘एचडी’, कॅमेरा घ्यावा की आणखी एक सीझन थांबावे. कॅमेऱ्याच्या किमतीपासून सुरू होणारा हा विचार कार्यालयातील उजेड, मिक्सिंगचा संगणक, ग्राहकाच्या घरातील टीव्ही आणि मूळ चित्रण कोणी सांभाळायचे, या मुद्द्यांपर्यंत पोचत असे. परंतु यांतील शेवटचा मुद्दा बहुतेक स्टुडिओंनी हिशेबात धरलाच नाही, आणि त्या काळातील खर्चाचे मोल ठरवताना नेमका तोच निर्णायक ठरतो.

भारतातील दूरचित्रवाणी ‘पाल’ या पद्धतीवर चालत असे. तिच्यात एक चित्र ६२५ आडव्या रेषांचे असते, त्यांपैकी ५७६ रेषा पडद्यावर दिसतात आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, घरोघरी रंगीत टीव्ही आणि पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि त्यांच्या आधाराने लग्नाच्या कॅसेटचा धंदा उभा राहिला. व्हीएचएस कॅसेटीवर चित्राचा बारकावा मुळातच कमी टिकत असे आणि प्रत्येक प्रतीगणिक तो आणखी घटत असे, त्यामुळे मामाकडे किंवा मावशीकडे गेलेल्या कॅसेटीत नवरा-नवरीचे चेहरे ओळखू येत, पण शालूचा काठ दिसत नसे. १९९५ मध्ये आलेल्या मिनी डीव्ही या पद्धतीने ही अडचण दूर केली. लहानशा कॅसेटीवर ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे चित्र अंकांच्या स्वरूपात साठवले जाऊ लागले आणि प्रत काढताना दर्जा घसरणे थांबले. सोनीचा पीडी १७० आणि पॅनासोनिकचे खांद्यावरचे एमडी ९००० व एमडी १०००० हे कॅमेरे या टप्प्याची ओळख होऊन बसले. खांद्यावरच्या कॅमेऱ्याला तांत्रिक कारणांपेक्षा मानाचे कारण अधिक होते, कारण कॅमेरा जेवढा मोठा तेवढे शूटिंग भारी, हा यजमानांचा ठाम समज होता, आणि हातात मावणारा महागडा कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाला ‘घरचाच कॅमेरा आणलाय का?’ असे विचारले जात असे. सोनीने २००७ मध्ये एचडी १००० हे मॉडेल आतून साधे पण बाहेरून खांद्यावरचे बनवले, त्यामागे हाच बाजार ओळखण्याचा शहाणपणा होता, असे मानायला जागा आहे.

एचडीचा पहिला परवडणारा अवतार एचडीव्ही या नावाने आला. २००३ मध्ये चार जपानी कंपन्यांनी ही पद्धत जाहीर केली, २००४ मध्ये सोनीचा एफएक्स १ आणि त्यानंतर त्याचाच व्यावसायिक भाऊ झेड १ बाजारात उतरला. या पद्धतीत चित्र १४४० गुणिले १०८० बिंदूंचे असते, म्हणजे जुन्या चित्रातील ४,१४,७२० बिंदूंच्या जागी १५,५५,२०० बिंदू येतात, आणि तरीही ते त्याच मिनी डीव्ही कॅसेटीवर, त्याच एका तासात, सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट या जवळपास जुन्याच वेगाने मावते. पावणेचारपट माल त्याच पोत्यात भरायचा तर काहीतरी दाबावे लागणारच. डीव्हीमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे साठवले जाते. एचडीव्हीमध्ये मात्र बारा चित्रांच्या गटातील पहिले चित्र पूर्ण साठवून उरलेल्या अकरांमध्ये शेजारच्या चित्रांपेक्षा जेवढा फरक पडला तेवढाच नोंदवला जातो. व्यासपीठावर वधूवर स्थिर बसले आहेत, मागे फुलांची सजावट आहे आणि फक्त भटजींचा हात हलतो आहे, अशा प्रसंगी ही युक्ती उत्तम चालते, कारण फरक नोंदवायला थोडाच असतो.

मराठी लग्नातील सर्वांत महत्त्वाचा क्षण मात्र या युक्तीच्या नेमका विरोधात जातो. मंगलाष्टका संपतात, ‘सावधान’चा गजर होतो, अंतरपाट दूर होतो आणि दोन-चारशे माणसे एकाच वेळी अक्षता टाकतात, त्या दोन-तीन सेकंदांत चौकटीतील जवळजवळ प्रत्येक बिंदू बदलत असतो, शेकडो पांढरे-तांबडे ठिपके वेगवेगळ्या दिशांनी पडत असतात, त्यातच वाजंत्री सुरू झाल्याने माणसे हलतात आणि छायाचित्रकारांचे फ्लॅश उडू लागतात. फरक नोंदवण्यासाठी ठेवलेली जागा अपुरी पडते आणि चित्रावर चौकोनी ठोकळे उमटतात. तास-दीड तासाच्या विधींमध्ये हीच तीन सेकंदे घरची माणसे पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहतात, त्यामुळे कारखान्यातील चाचणीत सरस ठरलेला कॅमेरा कार्यालयात नापास होण्याची शक्यता याच ठिकाणी सर्वाधिक असे. कॅसेटीवर धूळ बसली किंवा फीत किंचित दुमडली, तर डीव्हीमध्ये एखाद्या चित्रातील काही ठिपके गळत आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नसे. एचडीव्हीमध्ये गटातील पहिलेच चित्र बिघडले, तर पुढचा सुमारे अर्धा सेकंद अडकून पडे. माळ घालण्याचा क्षण त्या अर्ध्या सेकंदात सापडला, तर त्याची भरपाई कोणत्याही मिक्सिंगने होत नाही. अनुभवी माणसे म्हणूनच एचडीव्हीवर गेल्यावर एकदा वापरलेली कॅसेट पुन्हा वापरणे बंद करीत आणि मुहूर्ताच्या आधी नवी कॅसेट घालीत. ही सवय कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडली.

उजेडाचा प्रश्न याहून जुना आणि अधिक हट्टी होता. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी जी चकती असते, तिचा आकार डीव्ही आणि एचडीव्ही अशा दोन्ही कॅमेऱ्यांत साधारण एक तृतीयांश इंच एवढाच होता. त्याच जागेत अधिक बिंदू बसवल्याने प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारा प्रकाश घटला. उत्पादकाच्याच आकड्यांनुसार पीडी १७० ला किमान १ लक्स उजेड पुरत असे, तर झेड १ ला ३ लक्स लागत. लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो हे मोजण्याचे एकक आहे. गोरज मुहूर्तावर, पिवळ्या बल्बांच्या आणि पांढऱ्या नळ्यांच्या मिश्र उजेडात, वीज गेल्यावर जनरेटरच्या आधारे चाललेल्या लग्नात हा फरक कागदावर राहत नाही. चित्रात वाळू सांडल्यासारखी दाणेदार खर येते आणि ती मोठ्या पडद्यावर अधिकच दिसते. त्यावर उपाय एकच होता, तो म्हणजे लाइटबॉयच्या हातातील हॅलोजन, ज्याच्या झळईने नवरीचा मेकअप वितळतो, भटजी डोळे मिचकावतात आणि पुढच्या रांगेतील आजोबा वैतागून खुर्ची बदलतात. नवा कॅमेरा घेण्याआधी त्याच पैशांतील थोडा भाग चांगल्या, पसरट उजेडावर खर्च करणारा स्टुडिओ जुन्या कॅमेऱ्यातूनही शेजाऱ्याच्या एचडीपेक्षा सरस चित्र काढू शकत असे, परंतु दिवा दाखवून ग्राहक मिळत नाही आणि कॅमेरा दाखवून मिळतो, हे त्या धंद्याचे वास्तव होते.

स्वस्त एचडी कॅमेऱ्यांत सीसीडी या जुन्या चकतीच्या जागी सीमॉस ही नवी चकती आली तेव्हा फ्लॅशने आणखी एक घोळ घातला. सीसीडी सगळे चित्र एकदम टिपते, तर त्या काळची सीमॉस वरून खाली ओळीओळीने चित्र वाचत जाते; फ्लॅशचा प्रकाश सेकंदाच्या अत्यल्प भागापुरताच असल्याने वाचन अर्ध्यावर असताना तो पडला, की चित्राचा एक भाग पांढराफटक आणि दुसरा काळोखा राहतो. सप्तपदीच्या वेळी तीन छायाचित्रकार एकाच वेळी उभे असतील, तर असे अर्धे उजळलेले चित्र वारंवार येते आणि ग्राहकाला ते कॅसेट खराब असल्यासारखे वाटते. त्याला चकत्यांमधील भेद समजावून सांगणे शक्य नसते, आणि खरे तर तसे सांगण्याची वेळ येऊही नये.

आवाजाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. डीव्ही पद्धतीत आवाज न दाबता साठवला जात असे, एचडीव्हीमध्ये तो दाबून साठवला जाऊ लागला, म्हणजे चित्रात पुढे जाताना आवाजात कागदोपत्री तरी एक पाऊल मागे पडले. व्यवहारात मात्र यापेक्षा कितीतरी मोठा फरक कॅमेऱ्यावरचा माइक वापरायचा की कार्यालयाच्या ध्वनिक्षेपक यंत्रणेतून तार ओढून घ्यायची यावर पडत असे, आणि ती तार ओढण्याचे कष्ट घेणारे फार थोडे होते.

चित्रण झाल्यानंतरचा मार्ग अधिक खर्चिक होता. कॅसेटीवरचे चित्रण संगणकात उतरवणे, नको तो भाग कापणे, टायटल आणि गाणी जोडणे या सर्व कामाला धंद्यात ‘मिक्सिंग’ म्हणतात, आणि महाराष्ट्रातील अनेक मिक्सिंग स्टुडिओंत त्यासाठी एडियस ही संगणकप्रणाली रुळलेली होती. बारा चित्रांच्या गटातून मधलेच एखादे चित्र काढायचे, तर संगणकाला आधी आजूबाजूची चित्रे उलगडावी लागतात, त्यामुळे डीव्हीवर सहज चालणारा संगणक एचडीव्हीवर अडखळू लागे. तो बदलला की हार्ड डिस्क अपुरी पडे, ती वाढवली की बॅकअपचा प्रश्न येई. एवढे सारे करून ग्राहकाच्या हाती जी वस्तू जात असे ती होती डीव्हीडी, आणि डीव्हीडीची पाल चौकट ७२० गुणिले ५७६ बिंदूंची, म्हणजे जुन्या कॅमेऱ्याएवढीच, असते. मोठे चित्र लहान करताना नीट काळजी घेतली नाही, तर कडा करवतीसारख्या दिसतात आणि दागिन्यांवर लुकलुक येते, त्यामुळे घाईने उतरवलेली एचडीची डीव्हीडी मूळ डीव्हीच्या डीव्हीडीपेक्षा वाईट दिसल्याची उदाहरणे त्या काळी विरळ नव्हती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीचा नाद सोडल्यावर ब्लू-रे ही एकच तबकडी शर्यतीत उरली, पण ती चालवणारे यंत्र मराठी मध्यमवर्गीय घरांत कधी रुळलेच नाही. घरातला टीव्ही चार-तीन प्रमाणाचा, चौरसाकडे झुकणारा होता आणि एचडीचे चित्र सोळा-नऊ प्रमाणाचे, रुंद. परिणामी पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या येत आणि ‘चित्र कापलं गेलंय’ अशी तक्रार घेऊन वरपिते दुकानात येत. रुंद चौकटीचा खरा लाभ आहेराच्या वेळी दिसत असे, कारण वधूवरांच्या दोन्ही अंगांना उभे राहिलेले आत्या, काका आणि चुलतभावंडे प्रथमच एका चित्रात मावू लागली. अमेरिकेत नातेवाईक असलेल्या घरांची आणखी एक अडचण होती. तिकडील एनटीएससी पद्धतीच्या यंत्रांवर पाल डीव्हीडी बहुधा चालत नसे, म्हणून वेगळी प्रत काढून द्यावी लागे आणि त्या रूपांतरात वरातीचा नाच झटके देत पुढे सरके.

या गणितात ग्राहकाची मागणी उशिराच आली. २०१० च्या सुमारास डीटीएच कंपन्यांनी एचडी वाहिन्यांच्या जाहिराती सुरू केल्या, त्याच वर्षी दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांचे प्रक्षेपण एचडीमध्ये झाले आणि ‘शूटिंग एचडीत आहे ना?’ हा प्रश्न विसार देतानाच विचारला जाऊ लागला. स्टुडिओंच्या कार्डांवर ‘फुल एचडी’ हे शब्द ठळक झाले आणि काही ठिकाणी ते डीव्हीडीच्या डबीवरही छापले जाऊ लागले, जे तांत्रिकदृष्ट्या खोटे होते. परंतु डबी पाहणाऱ्याला त्याची कल्पना नव्हती आणि छापणाऱ्यालाही बहुधा नसावी. दर मात्र वाढले नाहीत, कारण पॅकेजमध्ये व्हिडिओचा वाटा नेहमीच दुय्यम राहिला होता आणि यजमानांचा हात सैल सुटायचा तो करिझ्मा अल्बमसाठी, जो पाहुण्यांच्या हातात देता येतो. खरेदीचा निर्णय चातुर्मासात होई, जेव्हा काम नसते आणि दुकानात बसून विचार करायला वेळ असतो. कर्जाचे हप्ते मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत थांबत नाहीत. २०१० मध्ये वैशाख अधिक आल्याने १५ एप्रिल ते १४ मे हा ऐन हंगामाचा महिना रिकामा गेला, आणि ज्यांनी आदल्या वर्षी कर्ज काढून कॅमेरा घेतला होता त्यांच्या दृष्टीने चित्रातील बिंदूंच्या संख्येपेक्षा पंचांग अधिक निर्णायक ठरले. पंचांग वर्षभर आधी हाती येत असूनही हप्त्यांचा करार करताना ते उघडून पाहणारे विरळाच.

या सर्व बाजू तोलून पाहिल्या तर २००७-०८ च्या सुमारास सर्वांत शहाणा मार्ग कोणता होता, हे आज बऱ्यापैकी निश्चितपणे सांगता येते. झेड १ सारख्या कॅमेऱ्यात अशी सोय होती, की चित्रण एचडीव्हीमध्ये करावे आणि संगणकात उतरवताना कॅमेऱ्यानेच ते साध्या डीव्हीमध्ये बदलून द्यावे. त्यामुळे जुना संगणक, जुने मिक्सिंग आणि डीव्हीडी जशीच्या तशी चालू राहते, ग्राहकाला काहीच वेगळे करावे लागत नाही आणि मूळ एचडी चित्रण कॅसेटीवर शिल्लक राहते. लग्नाचा व्हिडिओ पहिल्या वर्षी दोन-तीनदा पाहिला जातो, मग तो कपाटात जातो आणि पुढे मुलांनी मागितल्यावर किंवा घरातील एखादे वडीलधारे माणूस गेल्यावर पुन्हा बाहेर निघतो. तोवर घरचा टीव्ही बदललेला असतो. खरा प्रेक्षक पंधरा-वीस वर्षांनी येतो, आणि एचडीवर केलेला खर्च त्याच्यासाठी असतो, पण पैसे देणाऱ्याने त्याला विचारात घेतलेले नसते.

प्रत्यक्षात नेमक्या याच ठिकाणी घोटाळा झाला. अनेक स्टुडिओ डीव्हीच्या काळापासूनच कॅसेटी पुसून पुन्हा वापरत होते, आणि एचडीव्हीनंतर एव्हीसीएचडी ही पद्धत आली तेव्हा कॅसेटच नाहीशी झाली. सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ मध्ये जाहीर केलेल्या या पद्धतीत चित्रण मेमरी कार्डवर होते. ३२ जीबीच्या कार्डात उत्तम दर्जाचे सुमारे तीन तास मावतात, संगणकात उतरवायला तासाला तास मोडत नाही आणि फीत अडकण्याची भीती उरत नाही. सोनीचा एमसी २५०० हा खांद्यावरचा कॅमेरा पुढे गावोगाव दिसू लागला तो याच सोयींमुळे. कार्ड महाग असल्याने दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी ते रिकामे करावेच लागे. चित्रण हार्ड डिस्कवर जाई, मिक्सिंग होऊन डीव्हीडी दिली गेली आणि उरलेले पैसे मिळाले की पुढच्या कामासाठी डिस्कही मोकळी केली जाई. कॅसेट ही नकळत घडणारी साठवण होती, कारण ती पुसण्यासाठी काहीतरी करावे लागत असे. कार्डाच्या काळात सांभाळण्यासाठी काहीतरी करावे लागू लागले, आणि ते करण्याचे पैसे कोणीच देत नव्हते. त्यामुळे एचडीमध्ये टिपलेली कितीतरी लग्ने आज केवळ डीव्हीडीच्या रूपात उरली आहेत, म्हणजे ज्या दर्जासाठी कर्ज काढले तो दर्जा स्टुडिओच्या आतच वापरून संपला.

कायद्याकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन चित्रपट तयार करवून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या चित्रपटाच्या कॉपीराइटचा पहिला मालक करवून घेणारा ठरतो, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओवर हक्क यजमानांचा. परंतु हक्क आणि वस्तू या भिन्न गोष्टी आहेत. मूळ कॅसेट किंवा फाइल किती वर्षे आणि कोणाच्या कपाटात ठेवायची याचे उत्तर त्या कलमात नाही, आणि विसाराच्या पावतीवर तारीख, वेळ, कार्यालय आणि रक्कम यांखेरीज काही लिहिण्याची पद्धत नव्हती. एक ओळ वाढवणे फुकट होते, आणि ती वाढली असती तर नव्या कॅमेऱ्याचा खर्च ग्राहकाला पटवून देणेही सोपे गेले असते.

कॅननचा ५डी मार्क २ हा फोटोचा कॅमेरा २००८ मध्ये फुल एचडी व्हिडिओसह आला आणि त्याने वादाची दिशाच बदलली. त्याची चकती फिल्मच्या ३५ मिलिमीटर चौकटीएवढी मोठी असल्याने अंधुक कार्यालयातही तो स्वच्छ पाहू शकत असे आणि पार्श्वभूमी धूसर ठेवून चेहरा उठावदार करीत असे. मात्र ४ जीबीच्या मर्यादेमुळे एचडीमध्ये सलग सुमारे बारा मिनिटांपलीकडे चित्रण होत नसे, त्यामुळे लाजाहोमासारखा सलग विधी त्याच्यावर सोपवणे धोक्याचे होते. यातून ‘ट्रॅडिशनल’ आणि ‘कॅण्डिड’ अशी कामाची विभागणी झाली आणि एका लग्नात दोन स्वतंत्र चमू उभे राहू लागले.

सध्या हीच चर्चा ‘फोर के’ या नावाने चालू आहे. फोर के पद्धतीत चौकट ३८४० गुणिले २१६० बिंदूंची असते आणि सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केल्यास तासाला ४५ जीबी जागा लागते. दोन दिवसांच्या लग्नात तीन कॅमेरे लावले, तर एक टेराबाइटची डिस्क दोन-चार लग्नांतच भरते. काही स्टुडिओ आता विसार घेतानाच यजमानांना नवी हार्ड डिस्क आणायला सांगतात, मूळ चित्रण त्यावर भरून देतात आणि ठरावीक मुदतीनंतर आपल्याकडील प्रत पुसली जाईल असे पावतीवर लिहून सही घेतात. बहुतेक यजमान ती डिस्क घेतात, पण पाहतात तो पेनड्राइव्हवर दिलेला फुल एचडी व्हिडिओच, कारण मिक्सिंग न केलेले नऊ-दहा तासांचे चित्रण बसून पाहण्याची सवड लग्नघरात सहसा कोणाला नसते.